दिवाळीपर्यंत व्याज नाही

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचत असाल. तसं असेल, तर तुमच्या हातातला प्रोसेसर जवळपास नक्कीच 'एआरएम' घराण्यातला आहे. तहसील कचेरीतल्या, कॉम्प्युटर क्लासमधल्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या डेस्कटॉपांचा प्रोसेसर मात्र 'एक्स८६' घराण्यातला. इंटेलनं १९७८ मध्ये ८०८६ नावाची चिप काढली, तिथून हे घराणं सुरू झालं. दोन्ही घराण्यांचं काम एकच, पण बोली वेगळी. एकासाठी तयार केलेला प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यावर ठेवला तर तो चालत नाही. मूळ कोड हाताशी असेल तर नव्या घराण्यासाठी तो पुन्हा कंपाइल करता येतो. मूळ कोड हरवला असेल तर मात्र दुभाषी लागतो. या दुभाष्याला म्हणायचं एम्युलेटर.

दारव्ह्यातल्या आमच्या कृषी केंद्रात सध्या असा एक दुभाषी नोकरीला आहे. काउंटरखाली एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय ठेवलाय, एआरएमवाला. त्याच्या पोटात २००९ सालचा एक एक्स८६ संगणक चालू असतो, जो प्रत्यक्षात आता कुठंच नाही. त्या संगणकात ५० एमबीची एक लिनक्स, आणि त्या लिनक्समध्ये माझ्या काकांनी लिहिलेला उधारीचा प्रोग्रॅम. काका २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचा संगणक २०२४ च्या जूनमध्ये गेला. प्रोग्रॅम अजून चालू आहे.

हे कसं केलं ते सांगणारच आहे, कारण ते कुणालाही जमेल असं आहे. पण त्या प्रोग्रॅमच्या आत जे सापडलं, ते सांगायला हा लेख लिहितेय.

काकांचा संगणक

काकांनी नव्वदच्या दशकात पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला. तिथं त्यांना पास्कल शिकवलं होतं आणि ती एकच भाषा त्यांनी आयुष्यभर वापरली. आधी कॉम्प्युटर क्लास काढला, एमएस-सीआयटीच्या लाटेत तो काही वर्षं बरा चालला. मग क्लास बंद करून त्याच गाळ्यात कृषी केंद्र टाकलं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. क्लासमधले संगणक विकले, एक ठेवला. २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क.

त्या जुन्या डब्यावर विंडोज रखडत होती, म्हणून २००९ मध्ये त्यांनी 'डॅम स्मॉल लिनक्स' टाकली. नाव जरा आगाऊ असलं तरी काम चोख. ही आख्खी प्रणाली ५० एमबीत बसायची, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर मावेल एवढी. ४८६ प्रोसेसर आणि १६ एमबी रॅमवरही ती सुरू व्हायची. आज आपण एखाद्या लग्नाचा व्हिडिओ फॉरवर्ड करतो, तो याहून मोठा असतो.

प्रोग्रॅम त्यांनी फ्री पास्कलमध्ये लिहिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माऊसचा संबंध नाही. सगळी मराठी रोमन लिपीत: उधारी, जमा, शिल्लक, गाव. देवनागरी का नाही, तर लिनक्सच्या त्या काळ्या पडद्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि काना-मात्रा-जोडाक्षरांची जुळणी त्याला येत नाही. त्याआधी डॉसच्या काळात तर मराठी दिसायला संगणकात वेगळं जिस्ट कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं. त्या सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर आमच्याच अंगाचे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. काका ही गोष्ट क्लासमधल्या प्रत्येक बॅचला सांगायचे आणि मग स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये रोमन मराठी लिहायचे.

हिशेब असा. शेतकरी जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर नेतो, कापूस विकला की पैसे देतो. उधारीवर महिना दीड टक्का व्याज, दिवसावारी मोजलेलं. आमच्या भागात हे चालतं, कुठं जास्त, कुठं कमी. हिशेब प्रोग्रॅम करायचा, डॉट मॅट्रिक्सवर पट्टी निघायची, काका ती फाडून द्यायचे. "मशीन दाखवते तेवढे द्या" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काका गेल्यावर काकूनं दुकान बंद करू दिलं नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते, ते मदतीला बसू लागले. गिऱ्हाईक त्यांना अजूनही 'गुरुजी' म्हणतं. बाबांना प्रोग्रॅमच्या चार कळा माहीत: नाव शोधा, उधारी टाका, जमा टाका, पट्टी काढा. तेवढ्यावर तीन वर्षं निघाली.

जून २०२४

ऐन हंगामात, मृगाच्या पहिल्या पावसात वीज आली-गेली आणि संगणक सुरू होईना. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, मदरबोर्डच गेला होता. मी पुण्याहून आले तेव्हा काकू एका वहीत उधारी लिहीत होती आणि जुनी बाकी विचारायला आलेल्यांना "पोरगी येऊ द्या" म्हणत होती.

सुदैवानं हार्ड डिस्क शाबूत होती. जुन्या आयडीई डिस्कला यूएसबी लावायचं कन्व्हर्टर मिळतं, ते मी सोबत आणलं होतं. लिनक्सच्या 'डीडी' कमांडनं डिस्कची बिट-न्-बिट नक्कल लॅपटॉपवर घेतली. या नकलेला इमेज म्हणतात. चाळीस जीबीत रिकामी जागाच जास्त होती, दाबून बसवल्यावर ती एक जीबीच्याही आत आली. मूळ डिस्क पेटीत ठेवली, पुढचं सगळं नकलेवर.

डेटा मिळाला, पण प्रोग्रॅमचा मूळ कोड नव्हता. डिस्कवर नुसती कंपाइल झालेली फाईल. पास्कलमधला कोड काकांनी दुसरीकडे कुठं ठेवला असेल तर तो आम्हाला सापडला नाही.

बाबांचा प्रश्न साधा होता: "अमरावतीहून एखादा जुना कॉम्प्युटर आणला तर?" आणता आला असता. पण तोही दहा-पंधरा वर्षांचा असणार आणि पुढच्या एखाद्या मृगात तोही जाणार. शिवाय आमच्याकडे वीज जाते, आणि पायला मोबाइलच्या चार्जरसारखा पाच व्होल्टचा अडॅप्टर पुरतो. लहानशा इन्व्हर्टरवर तो दिवसभर चालतो. पहिला रास्पबेरी पाय २०१२ मध्ये ३५ डॉलरला निघाला तो मुळात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला. माझ्याकडचा चौथ्या पिढीचा पाय ४ पुण्यात कपाटात पडून होता. तो मी पुढच्या खेपेला घेऊन आले.

दुभाषी कसा काम करतो

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पांढरकवडा-झरीच्या बाजूला आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा चार भाषा कानावर पडतात. तिथं दोन्हीकडची बोली येणारा एखादा माणूस व्यवहार जुळवून देतो. तो पूर्ण भाषण ऐकून मग भाषांतर करत नाही. एक वाक्य ऐकतो, सांगतो, पुढचं ऐकतो. आणि "भाव काय?", "कमी करा" अशी रोजची वाक्यं त्याला तोंडपाठ असतात, त्यांचा विचार करावा लागत नाही.

क्यूईएमयू हा एम्युलेटर अगदी असाच चालतो. एक्स८६ च्या सूचनांचा एक तुकडा घ्यायचा, त्याचं एआरएममध्ये भाषांतर करायचं, चालवायचं आणि भाषांतर जपून ठेवायचं. तोच तुकडा पुन्हा आला की जपलेलं भाषांतर वापरायचं. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००३ च्या सुमारास हे सुरू केलं. याच माणसानं २००९ मध्ये साध्या डेस्कटॉपवर 'पाय'चे (गणितातल्या) जवळपास २,७०,००० कोटी अंक काढून जागतिक विक्रम केला होता.

कल्पना मात्र त्याहून जुनी. आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही नवी मालिका आणली तेव्हा गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न होता की आमच्या जुन्या १४०१ यंत्रावरच्या प्रोग्रॅमांचं काय? म्हणून आयबीएमनं नव्या यंत्रातच जुन्याची नक्कल करण्याची सोय दिली. साठ वर्षांपूर्वी मोठमोठ्या कंपन्यांना पडलेला प्रश्न आणि काकूचा प्रश्न एकच होता.

क्यूईएमयू दोन प्रकारे वापरता येतो. पहिल्या प्रकारात फक्त एका प्रोग्रॅमचं भाषांतर होतं, बाकी सगळं यजमान यंत्राचं. फ्री पास्कलचे प्रोग्रॅम बाहेरच्या लायब्ररींवर सहसा अवलंबून नसतात, त्यामुळे काकांचा प्रोग्रॅम या पद्धतीनं पायवर दहा मिनिटांत उघडला. नावं दिसली, बाकी दिसली. पण पट्टी निघेना, कारण प्रोग्रॅम थेट जुन्या पॅरलल पोर्टवर छापायचा आणि पायला तो पोर्टच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे आख्ख्या संगणकाची नक्कल: प्रोसेसर, रॅम, डिस्क, घड्याळ, पोर्ट, सगळं. मी तो घेतला. २५६ एमबी रॅमचा खोटा संगणक, डिस्कच्या जागी ती इमेज. खोट्या पॅरलल पोर्टवर जे येईल ते एका फाईलमध्ये जाऊ द्यायचं आणि पायनं ती फाईल यूएसबीच्या डॉट मॅट्रिक्सला पाठवायची. या खोट्या संगणकाला इंटरनेट मात्र अजिबात द्यायचं नाही, कारण इतकी जुनी प्रणाली आजच्या नेटवर्कवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

सुरू व्हायला अडीच मिनिटं लागतात. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला आमच्या दारव्ह्यावरूनच जायची, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. ती गती आठवेल असा हा मामला. पण एकदा सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर नावं आणि आकडे दाखवायला फारसा वेग लागत नाही. काकूनं पहिली पट्टी काढली, हातात धरली, उलटी-सुलटी पाहिली आणि म्हणाली, "हेच. असंच असायचं."

खोट्या तारखा

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बाबांनी मला एक जुनी तक्रार सांगितली. २०२२ च्या दिवाळीनंतर दोघं-तिघं म्हणाले होते, "गुरुजी, भाऊ होते तेवा पावसाळ्याचं याज लागत नोतं." भाऊ म्हणजे काका. बाबांना वाटलं, काका ओळखीपाळखीनं हातानं सूट देत असतील. स्वभावच तसा होता. पण बाबांच्या मते अशी तोंड पाहून सूट देणं बरोबर नव्हतं. मशीन दाखवते ते सगळ्यांना सारखं, असं ते सांगत राहिले. त्यांनी आयुष्यभर वर्गात हेच केलं होतं.

जुन्या पट्ट्यांचा एक गठ्ठा काकूनं ठेवला होता. त्यातली २०१६ ची एक घेऊन मी कागदावर व्याज काढून पाहिलं. जुळेना. पट्टीवरचं व्याज फारच कमी होतं आणि हातानं दिलेल्या सुटीची नोंद कुठंच नव्हती.

एम्युलेटरचा खरा फायदा मला त्या रात्री कळला. खोट्या संगणकाचं घड्याळही खोटं असतं. सुरू करताना सांगितलं की आज १ जून २०१५ आहे, तर तो मानतो. आणि 'स्नॅपशॉट' नावाची सोय आहे: आत काहीही उलथापालथ करा, बंद केलं की सगळं पुसलं जातं, मूळ इमेजला धक्का लागत नाही. जिवंत दुकानाच्या चोपडीवर असले प्रयोग कुणी करू देणार नाही. इथं वाटेल तितके करता येतात.

मी एक खोटं खातं उघडलं. १ जून २०१५ रोजी २०,००० रुपये उधारी. मग यंत्र पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तारखांना सुरू केलं. ७ जूनला बाकी २०,०५९. १ जुलैला २०,०५९. गणपतीत २०,०५९. दसऱ्यालाही तेवढीच. ११ नोव्हेंबरपर्यंत आकडा हलला नाही, १२ नोव्हेंबरपासून पुन्हा चालू लागला.

सात जूनचं कोडं नव्हतं. मृग. पण शेवट? २०१४ साली तोच प्रयोग केला तर आकडा २३ ऑक्टोबरपर्यंत थांबला. २०१६ ला ३० ऑक्टोबर. दर वर्षी वेगळं. मग २०२२ घेतलं, तर आकडा थांबलाच नाही. जूनपासून सलग चालत राहिला. २०२३ लाही तसंच.

कंपाइल झालेल्या फाईलमधून वाचता येणारा मजकूर वेगळा काढणारी 'स्ट्रिंग्ज' नावाची कमांड असते. त्यात 'दिन' या नावाची एक फाईल दिसली, जी प्रोग्रॅम सुरू होताना वाचत होता. ती उघडली. तेरा ओळी, तेरा तारखा, बाकी एक अक्षर नाही. १७/१०/२००९, ०५/११/२०१०, २६/१०/२०११, १३/११/२०१२… शेवटची ०४/११/२०२१.

सकाळी चहाच्या वेळी मी ती यादी मोठ्यानं वाचली. काकू भाजी निवडत होती. २०१८ च्या ७ नोव्हेंबरला तिनं मान वर केली. "त्या दिवशी आपण नवीन काउंटर बसवलं होतं. लक्ष्मीपूजनाला." मग मागच्या पुढच्या तारखा तिनंच सांगितल्या. तेराही तारखा लक्ष्मीपूजनाच्या होत्या.

मृग ते लक्ष्मीपूजन, व्याज शून्य. पेरणीपासून पहिला कापूस घरात येईपर्यंत शेतकऱ्याकडे पैसाच नसतो. तो सीतादही करून पहिली वेचणी करतो, दिवाळीच्या आसपास पहिली गाडी विकतो. त्याआधी चढलेलं व्याज म्हणजे नसलेल्या पैशावरचं व्याज. काकांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. दुकानाबाहेर पाटी लावली नाही. कदाचित शेजारच्या दुकानदारांशी वाद नको म्हणून असेल, कदाचित सूट आहे कळलं तर माणूस दिवाळीनंतरही टाळेल म्हणून असेल. त्यांनी ते प्रोग्रॅममध्ये लिहिलं, आणि दर वर्षी नवं कालनिर्णय आलं की 'दिन' फाईलमध्ये एक ओळ वाढवली. ज्या वर्षाची ओळ नाही, त्या वर्षी प्रोग्रॅम सूट देत नव्हता.

२०२१ ची ओळ त्यांनी जानेवारीत टाकली असणार. २०२२ ची टाकायला ते नव्हते.

चौऱ्याहत्तर हजार

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती माणसं खरं सांगत होती."

पुढचं काम मशीननं केलं. 'दिन' फाईलमध्ये २४/१०/२०२२ आणि १२/११/२०२३ या दोन ओळी घालून मी सगळी खाती नव्यानं मोजली. ज्याची बाकी सलग २०,००० होती, त्याला २०२२ मध्ये जवळपास १,४०० आणि २०२३ मध्ये साडेपंधराशेच्या वर जास्तीचं व्याज लागलं होतं. अशी ३१ खाती. एकूण ७४ हजारांच्या घरात.

आमच्यासारख्या दुकानाला ७४ हजार थोडे नाहीत. जूनमध्ये कंपनीच्या डीलरला आधी पैसे द्यावे लागतात तेव्हा माल येतो. बाबांचं म्हणणं पडलं, रोख परत करायचे, आजपासून. काकूनं हिशेब मांडला: रोख दिले तर या हंगामात खत आणता येणार नाही, आणि खत नसेल तर हीच माणसं दुसरीकडे जास्त भावानं घेतील. शेवटी ठरलं ते काकूचं. प्रत्येकाच्या खात्यावर जमा दाखवायची, पट्टी छापून हातात द्यायची, आणि कारण तोंडानं सांगायचं. ज्यांचं खातं बंद झालंय त्यांना मात्र रोख. असे चौघं होते. त्यातला एक वारला होता, त्याच्या घरी बाबा स्वतः जाऊन आले.

जे आले त्यांना बाबा उभं राहून सांगायचे: भावाचा नियम होता, आम्हाला माहीत नव्हता, तुमचे एवढे पैसे आमच्याकडे आहेत. बहुतेकांनी फार काही म्हटलं नाही. एका म्हाताऱ्यानं पट्टी खिशात घातली आणि म्हणाला, "मले वाटलं, भाऊ गेले तं रीतच गेली."

यंत्र टिकतं, सवय टिकत नाही

त्या वर्षी एका बिलिंग सॉफ्टवेअरचा विक्रेता दुकानात आला होता. जीएसटीची बिलं, साठा, सगळं उत्तम. व्याजासाठी एक चौकोन होता: दरमहा टक्के. त्यात आकडा टाकता येत होता. 'दिवाळीपर्यंत' टाकता येत नव्हतं. ते सॉफ्टवेअर आम्ही बिलांसाठी घेतलं. उधारी मात्र पायवरच ठेवली.

मी प्रोग्रॅमर आहे, तेव्हा मित्र विचारतात: एवढा उपद्व्याप कशाला, दोन दिवसांत पायथनमध्ये नवा लिहिला असता. लिहिला असता. पण मला माहीत असलेले नियम लिहिले असते, म्हणजे महिना दीड टक्का. तेरा तारखांचा नियम डेटामध्ये नव्हता, वागण्यात होता. नुसत्या नोंदी वाचवल्या असत्या तर तो गेला असता. जुना प्रोग्रॅम चालता ठेवला म्हणून त्याला वेगवेगळ्या तारखांना उभं करून विचारता आलं.

आता नवा प्रोग्रॅम मी लिहिलाय, देवनागरीत. दोन्ही शेजारी-शेजारी चालतात आणि रोज रात्री दोघांच्या बाक्या ताडून पाहिल्या जातात. पहिल्या महिन्यात तीन खात्यांत एकेका रुपयाचा फरक आला. कारण शोधताना कळलं, की जुन्या एक्स८६ चं गणित ८० बिटांच्या दशांशात व्हायचं आणि काका शेवटी पैसे सोडून द्यायचे. एआरएमला ८० बिटांचं गणित मुळातून येत नाही, क्यूईएमयू ते सॉफ्टवेअरनं हुबेहूब करून दाखवतो. म्हणून जुना प्रोग्रॅम पायवरही २००९ च्याच रुपयाला जुळतो. नवा जुळवायला मला कष्ट पडले.

हलक्या लिनक्सच्या बाबतीत महाराष्ट्रात याहून मोठी गोष्ट घडलेली आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, फेडोरावर आधारलेली लिनक्स आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेला 'शुगर' हा पडदा. म्हणजे ताकदीनं काकांच्या संगणकाचाच भाऊ. आज ते यंत्र हातात नसेल तर त्याची जुनी प्रणाली क्यूईएमयूत उघडून बघता येते. पण ती उघडली म्हणजे खैराटचा वर्ग दिसत नाही. शिक्षक काय विचारायचे, मुलं कुठं अडायची, हे डिस्कच्या इमेजमध्ये येत नाही.

आमच्याकडेही तेच होतं. काकांचा प्रोग्रॅम २०२२ मध्ये बिघडला नव्हता, जसा लिहिला तसाच वागत होता. त्याला दर वर्षी एका माणसाकडून एक ओळ हवी होती. ती तारीख गणितानं काढता आली असती का, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पण २०२४ चंच बघा. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर देशभर वाद चालला होता. महाराष्ट्रात ते १ नोव्हेंबरला झालं. सूत्र लिहून मी कुठली तारीख धरली असती? काकांनी कॅलेंडर बघायचं ठरवलं, ते विचार करूनच ठरवलं असणार.

त्यामुळे आता दुकानात तीन गोष्टी आहेत. डिस्कच्या इमेजच्या तीन प्रती, त्यातली एक पुण्यात माझ्याकडे. एक मराठी टिपण, ज्यात नियम साध्या शब्दांत लिहिलाय: मृग ते लक्ष्मीपूजन व्याज नाही, का नाही, आणि ओळ कुठं टाकायची. आणि काउंटरमागच्या भिंतीवर एक छापील पाटी, जी काकांनी कधी लावली नव्हती. ती लावावी की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. बाबांनी लावली. नियम एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ओळ टाकायचं काम काकूनं घेतलंय. पन्नाशीनंतर ती लिनक्सचा टेक्स्ट एडिटर शिकली, फाईल सेव्ह न करता बाहेर कसं पडायचं हेसुद्धा तिला येतं. गेल्या डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं त्याच दिवशी तिनं दोन्ही प्रोग्रॅममध्ये ओळ घातली, टिपणाच्या वहीत लिहिली आणि काळ्या पडद्याचा फोटो काढून मला पाठवला. ०८/११/२०२६. खाली विचारलं होतं, बरोबर आहे ना?

मी कॅलेंडर काढून बघितलं. बरोबर होतं.